बाजार खुला, आम्ही उघडे

(हा लेख पाड्यात मोठ्याने वाचावा. वाचता येत नसेल त्यांनी शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावा.)

पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला. राब भाजून झाले, घरं शाकारायची चालली आहेत आणि कणग्यांचा तळ दिसायला लागला आहे. दरवर्षी याच दिवसांत दलाल पाड्या-पाड्यांतून फिरायला लागतात. यंदा ते एक नवी गोष्ट सांगत फिरतायत.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी एक सभा झाली. शहरातून एक शिकलेले गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "आदिवासी गरीब का? त्याच्याकडे लाखाची जमीन आहे, पण कायद्याने त्याचे हात बांधलेत. त्याला ती विकता येत नाही. कायदा काढून टाका, बाजार खुला करा, आदिवासी लखपती होईल." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत जमिनीचे दलाल होते, वीटभट्टीवाले होते, फार्महाऊससाठी जागा बघणारे पाहुणे होते. मागच्या रांगेत आपलीही चार-दोन पोरं उभी होती. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

म्हणून हे लिहितोय. दलालांना आम्ही काही समजावणार नाही, त्यांना सगळं समजतं. आम्हाला आपल्या पोरांशी बोलायचं आहे.

कायदा काय आहे?

जमीन महसूल कायद्यात 36-अ हे कलम 6 जुलै 1974 पासून आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची असेल तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. कायमची विक्री असेल तर वर राज्य सरकारची मंजुरी लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत दुसरा कोणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार नाही, याची कलेक्टरने खात्री करून घ्यायची असते. बरोबरीने दुसरा कायदा झाला, जमिनी परत करण्याचा. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात ज्या जमिनी आदिवासींच्या हातून गेल्या, त्या मूळ मालकाला परत करायच्या. त्यासाठी आकाराच्या 48 पट रक्कम आणि जमिनीत काही सुधारणा केली असेल तर तिची किंमत भरायची, तीही हप्त्यांनी. बिगर-आदिवासी मालक या कायद्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1984 साली सुप्रीम कोर्टाने कायदा घटनेला धरून आहे असा निकाल दिला.

तरीही जमिनी जातातच. कुठे गड्याच्या नावावर बेनामी घेतात, कुठे कुलमुखत्यारपत्र लिहून घेतात, कुठे नुसतं साठेखत करून कुंपण घालतात. हे आपण डोळ्यांनी बघतो. पण निदान आज ती चोरी आहे, आणि चोरीविरुद्ध अर्ज करता येतो. सभेतल्या गृहस्थांचं म्हणणं मान्य झालं तर चोरीचा व्यवहार होईल आणि मग अर्ज करायलाही जागा उरणार नाही.

पोरांचं म्हणणं

पोरं म्हणतात, "जमीन माझी. विकायची की ठेवायची, सरकार कोण सांगणार? शेजारच्या बिगर-आदिवासीच्या जमिनीला जो भाव येतो त्याच्या पावही मला येत नाय, कारण माझा सातबारा बांधलेला. परवानगीची फाईल पैशाशिवाय हलत नाय. आम्ही काय लहान पोरं हाओत?"

हे म्हणणं हसण्यावारी न्यायचं नाही. भाव कमी येतो हे खरं. फाईल पैशाशिवाय हलत नाही हेही खरं. आपल्याला अज्ञान समजून आपल्या वतीने दुसऱ्याने ठरवायचं याचा राग येतो, तो राग बरोबरच आहे. पण आधी एका गोष्टीचा जबाब द्या. आपल्या पाड्यात आजवर ज्यांची जमीन गेली, त्यांनी ती कोणत्या महिन्यात दिली?

आम्ही बसून आठवलं. कोणी आषाढात दिली, घरात दाणा नव्हता म्हणून. कोणी बायको दवाखान्यात होती म्हणून दिली. कोणी पोरीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात दिली. जमीन नीट पिकली, घर भरलं, अंगणात खळं लागलं, अशा दिवसांत कोणी स्वखुशीने जमीन विकल्याचं आम्हाला एकही उदाहरण आठवलं नाही. पोरांनी आपल्या आज्याला विचारावं.

म्हणजे आपण जमीन विकत नाही, आपण अडचण विकतो. घेणारा अडचण बघून भाव करतो. "गरजवंताला अक्कल नसते" असं म्हणतात. गरजवंताला अक्कल असते, साथींनो. त्याला वेळ नसतो.

आषाढ आणि दिवाळी

खुल्या बाजाराची सगळी विद्या एका वाक्यावर उभी आहे: दोघे राजीखुशीने सौदा करतात, म्हणजे दोघांचाही फायदा होतो. आता ही विद्या आपल्या अंगणात तपासून बघू.

आषाढात आपण शेठकडे नागलीसाठी जातो. एक मण द्यायचा आणि दिवाळीला दीड मण घ्यायचा, अशी बोली होते. आपण हो म्हणतो. राजीखुशीने म्हणतो, कोणी मानेवर कोयता ठेवलेला नसतो. आषाढ ते दिवाळी चार महिने होतात. चार महिन्यांत मणाला अर्धा मण वाढला. पुढे दिवाळीत सगळ्यांचं पीक एकदम खळ्यावर येतं, सगळ्यांना एकदम देणं फेडायचं असतं, मीठ-मिरची-कापड घ्यायचं असतं, म्हणून भाव पडतो. तोच शेठ पडलेल्या भावाने आपलंच धान्य घेतो आणि पुढच्या आषाढात चढ्या भावाने आपल्यालाच देतो. दोन्ही वेळा आपण राजी. दोन्ही वेळा माप त्याच्या हातात.

या सौद्यात फसवणूक अजून धरलेलीच नाही. माप खोटं नसेल, वहीत आकडा वाढवलेला नसेल, तरीसुद्धा दहा वर्षांनी जमीन शेठकडे जाणार. कारण त्याची कणगी भरलेली आहे. आज सौदा मोडला तरी रात्री त्याच्या घरात चूल पेटते. आपला सौदा मोडला तर पोरं उपाशी निजतात. जो थांबू शकतो त्याच्यासाठी बाजार खुला असतो. ज्याला थांबता येत नाही तो त्या बाजारात विकायला आलेला नसतो, विकला जायला आलेला असतो.

म्हणून आम्ही म्हणतो की आमचा बाजार कधी बांधलेला नव्हताच. चार पिढ्या तो खुलाच होता. वीटभट्टीचा शेठ पावसाळ्यात उचल देतो आणि दिवाळीनंतर सगळं घर, पोरांसकट, ट्रकमध्ये घालून नेतो, तो खुला बाजारच आहे. मालकी जागेतला साग उभाच्या उभा ठेकेदाराला चार पैशांत जायचा, तोही खुला बाजारच होता. ते इतकं बोकाळलं की 1969 साली आदिवासींच्या झाडांच्या विक्रीवर वेगळा कायदा करावा लागला.

हा देव जुना आहे

आता कोणी म्हणेल, आज जग बदललं, नवीन धोरण आलं. 1991 च्या जुलैत दिल्लीने नवीन आर्थिक धोरण आणलं. पण हा देव नवा नाही. इंग्रजांनी तो एकदा या देशात बसवून बघितला आहे, आणि त्याला किती बळी गेले तेही लिहून ठेवलेलं आहे.

1855 साली इंग्रज सरकारने व्याजावरची बंधनं उठवली. सांगणं हेच होतं की कर्ज देणारा आणि घेणारा दोघे शहाणे आहेत, दर त्यांचा त्यांनी ठरवावा. जमीन विकाऊ झाली होती आणि कोर्टातून हुकूमनामा आणून ती घेताही येत होती. वीस वर्षांत पुणे-नगरच्या कुणब्यांच्या जमिनी सावकारांच्या घरात गेल्या. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्यांनी सावकारांची कर्जखतं आणि वह्या मागून घेऊन जाळल्या. गावोगाव हेच झालं. ते का झालं याची चौकशी करायला सरकारने कमिशन नेमलं, आणि 1879 साली शेतकऱ्याला वाचवण्यासाठी कायदा करून कोर्टांना कर्जाच्या हिशेबाच्या मुळाशी जायला सांगावं लागलं. म्हणजे बाजाराला बांध घालावा लागतो हे आमच्या पुढाऱ्यांच्या आधी इंग्रजांनाच कबूल करावं लागलं होतं.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. 1874 साली बिहारात दुष्काळ पडला. टेंपल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, लोकांना दिला, आणि माणसं जगली. त्याला शाबासकी मिळायला हवी होती. उलट त्याच्यावर टीका झाली, की फार पैसा उधळला, व्यापाराच्या कामात हात घातला. तीन वर्षांत दख्खन आणि मद्रासला त्याहून मोठा दुष्काळ आला. व्हाइसरॉय लिटनने याच टेंपलला पाठवलं. या वेळी त्याने धडा घेतला होता. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि वर एक आणा. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, ही वरून शिस्त. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी तो दर नाकारून कामं सोडली. देशातून गहू बोटीत चढून विलायतेला जात होता, कारण तिथे भाव जास्त होता. त्या दुष्काळात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. माणूस तोच, देश तोच. पहिल्या वेळी त्याने भुकेकडे बघितलं, दुसऱ्या वेळी पोथीकडे.

आम्हाला हे लोक अडाणी आणि अंधश्रद्ध म्हणतात. आम्ही वाघबारशीला वाघोबाला कोंबडं देतो म्हणून हसतात. पण आमचा भगतसुद्धा दोनदा उतारा करून ताप उतरला नाही तर म्हणतो, "आता पोराला दवाखान्यात ने." खुल्या बाजाराचा भगत तसं कधी म्हणत नाही. माणसं उपाशी मेली की तो म्हणतो, बाजार अजून पुरता खुला केलेला नाही, आणखी खुला करा. ताप वाढला म्हणजे कोंबडं लहान होतं, आता बोकड आणा. या वेळी त्याने आमची जमीन मागितली आहे.

भाव कोण सांगतो?

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आमच्या आज्या-पणज्यांनी या बाजाराचं खरं तोंड 1945 साली बघितलं. त्या आधी वेठ होती, आणि लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायको जन्मभर मालकाचे लग्नगडी व्हायचे. गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. त्यात मालक गब्बर झाले आणि कापणाऱ्याला भाकरी पुरत नव्हती. 23 मे 1945 ला झरीला किसान सभेची परिषद झाली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. पावसाळ्यानंतर गवतकापणीला त्यांनी एकच मागितलं: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये.

आता खुल्या बाजाराचा नियमच आहे की ज्याचा माल, त्याने भाव सांगावा. घाम आमचा, भाव आम्ही सांगितला. पोथीप्रमाणे मालकांनी एक तर द्यायला हवं होतं, नाहीतर आपलं गवत आपण कापायला हवं होतं. झालं काय? 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांची गोळी चालली. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चार जण, असे पाच आदिवासी तिथे पडले.

तेव्हापासून आम्हाला एक कळलं आहे. शेठने भाव सांगितला तर त्याला बाजार म्हणतात. आम्ही एकत्र येऊन भाव सांगितला तर त्याला दंगल म्हणतात.

पुढे कूळ कायदा आला. 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला, कागदावर. जमीन नावावर आली, पण आषाढ तोच राहिला, कर्ज तेच राहिलं, माप त्याच हातात राहिलं. म्हणून पुढच्या सतरा वर्षांत जमिनी पुन्हा निसटल्या. जमीन परत करण्याचा कायदा 1 एप्रिल 1957 पासूनच्या व्यवहारांना लागतो, तो याचमुळे. हातात मालकी आणि पोटात भूक असली की काय होतं, ते आपण एकदा सतरा वर्षं करून बघितलेलं आहे. सभेतले गृहस्थ तोच प्रयोग पुन्हा करायला सांगतायत.

त्यांच्यासाठी हमी, आमच्यासाठी बाजार

आणखी एक बघा. हे लोक स्वतः तरी आपल्या देवाला मानतात का? दाभोळला एन्रॉन नावाची अमेरिकन कंपनी वीज तयार करणार होती. ती वीज वीज मंडळाने घ्यायची असा करार होता. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकार हमीदार होतं. राज्य सरकारनेही दिले नाहीत तर? त्यासाठी 1994 साली केंद्र सरकारने वर प्रतिहमी दिली. एवढ्या मोठ्या कंपनीला नुसत्या बाजाराच्या भरवशावर धंदा करायची हिंमत नव्हती. आणि आम्ही नागलीला भावाची हमी मागितली, खावटी कर्ज वेळेवर मागितलं, तर ती म्हणे बाजारात ढवळाढवळ.

रेशनच्या तांदळाचा भाव केंद्राने 1991 ते 1994 या काळात तीनदा चढवला. तेव्हा सरकारी गोदामं धान्याने भरली होती आणि रेशनच्या दुकानात आमची बाई दोन किलो घेऊन परत फिरायची, कारण कनवटीला तेवढेच पैसे असायचे. 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं दगावली. तेव्हा जव्हारच्या पेठेतली धान्याची दुकानं काही बंद नव्हती. बाजाराला भूक दिसत नाही, साथींनो. त्याला फक्त पैसा दिसतो. ज्याच्याकडे पैसा नाही त्याची भूक बाजाराच्या वहीत चढतच नाही.

या उलट रोजगार हमी बघा. 1972 च्या दुष्काळानंतर लोकांनी रेटा लावला, 1977 साली कायदा झाला. ज्या वर्षी पाड्याजवळ हमीचं काम निघतं, त्या वर्षी शेठ आपणहून मजुरी वाढवतो आणि वीटभट्टीचा मुकादम उचल द्यायला गोड बोलत येतो. हमीचं काम न करणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळतो, कारण आता त्यालाही "नाय येत" म्हणता येतं. आम्हाला जे स्वातंत्र्य हवं ते हे आहे. विकायचं स्वातंत्र्य आम्हाला फार आधीपासून होतं. नाही म्हणायचं नव्हतं.

मग करायचं काय?

पोरांनो, तुमचा राग बरोबर आहे, पण तो नेमका कुणावर काढायचा ते ठरवा. जमिनीला भाव येत नाही म्हणता. भाव एकदाच येतो. त्यातून फटफटी येते, लग्न दणक्यात होतं, दोन वर्षं घरात पैसा दिसतो. मग ज्या वाड्याचं कुंपण आपल्या शेताभोवती पडलं, त्याच वाड्यावर राखण करायला आपण उभे राहतो. असे राखणदार तुमच्या ओळखीचे आहेत. आम्ही त्यांची नावं लिहीत नाही, त्यांना लाज आणायची नाही. त्यांच्याशी जाऊन बोला.

आमच्याही चुका आहेत, त्या लपवायच्या नाहीत. संघटनेने जमीन सोडवण्यासाठी मोर्चे काढले, पण सुटलेल्या जमिनीत बी-बियाणं कुठून येणार, आजारपणाला पैसा कुठून येणार, याचा विचार कमी केला. ती अडचण राहिली तर 36-अ चं कलम लोखंडाचं केलं तरी जमीन निसटेल. पाड्यातली धान्यपेढी आपण दोन ठिकाणी सुरू केली आणि हिशेब न ठेवल्याने ती बसली. ती पुन्हा उभी करायची. ज्या दिवशी आषाढात पाड्याच्या कणगीतून धान्य मिळेल, त्या दिवशी शेठच्या ओट्यावर जायची पाळी येणार नाही.

आत्ता, पावसाच्या आधी, एवढं करा:

1. कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी तो कागद शाखेत आणून वाचून घ्या. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, कोरा स्टँप, काहीही असो. "नुसती साक्ष आहे" म्हणाले तरी.

2. आपला सातबारा तलाठ्याकडून काढून आणा. त्यावर दुसऱ्याचं नाव किंवा बोजा दिसला तर फेरफाराचा नंबर लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.

3. आपल्या पाड्यातली जी जमीन 1957 नंतर बिगर-आदिवासीकडे गेली तिची यादी म्हाताऱ्या माणसांना विचारून करा. कुणाची, किती, कोणत्या अडचणीत गेली, तेही लिहा.

4. हमीच्या कामासाठी अर्ज आत्ताच द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

5. पाड्याची बैठक घेऊन ठराव करा: 36-अ ला हात लावू देणार नाही. खावटी पावसाच्या आधी हवी, भादव्यात नको. ठरावावर बायांचे अंगठे बापयांच्या आधी घ्या, कारण जमीन जाते तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही आणि वीटभट्टीवर पोर पाठीला बांधून त्यांनाच जावं लागतं.

ते शिकलेले गृहस्थ पुन्हा येतील. त्यांना हाकलायचं नाही, नीट बसवायचं, पाणी द्यायचं. मग विचारायचं: साहेब, तुमचा बाजार एवढा चांगला असेल तर आषाढात या, कणगी रिकामी ठेवून या, आणि आमच्या शेठशी एक मण नागलीचा भाव करून दाखवा. बाकीचं दिवाळीला बोलू.

जिंदाबाद!